मुलाणी मास्तरांचा पडदा

“मग ही खाच कशासाठी ठेवलीय, मास्तर?”

केतकी फोटो स्टुडिओतल्या पडद्यामागे उभी होती. पडद्यावर तळं रंगवलेलं होतं, तळ्यात दोन हंस होते आणि काठाला पांढऱ्या पायऱ्या होत्या. तिसऱ्या पायरीतून तिचा हात कोपरापर्यंत बाहेर आला होता.

हुसेन मुलाणी लेन्स पुसत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

“आयांसाठी,” ते म्हणाले.

“म्हणजे?”

“काही मुलांना बसता येत नाही. काहींना बसता येतं, पण बसायचं नसतं. आई मागून धरते. पुढून दिसत नाही.”

केतकीने हात आत घेतला आणि ती पडद्याला वळसा घालून पुढे आली. खाच वीतभर होती. कडा दुमडून मशीनवर शिवलेल्या होत्या. तिथला रंग हात लागून लागून उडाला होता.

“किती वर्षं झाली याला?”

“पडदा तिसरा आहे. खाच पहिल्यापासून आहे.”

भिंतीवर मुलांचे फोटो होते. पन्नास तरी असतील. कुणी बाळसेदार, कुणी किडकिडीत, कुणाच्या डोक्यावर जरीची टोपी. प्रत्येक मूल स्टुलावर एकटं, ताठ बसलेलं.

“म्हणजे या सगळ्यांच्या मागे कुणीतरी आहे.”

“आहे.”

“आणि फोटोत नाही.”

“नाही.”

“मग हे खोटं झालं, मास्तर. पन्नास वेळा सांगितलेलं खोटं.”

मास्तरांनी लेन्स उजेडाकडे धरली. एक फुंकर मारली.

“चहा सांगितलाय,” ते म्हणाले. “येईल आता.”

*

केतकी देशिंगकर तीन वर्षं स्कॉटलंडमध्ये राहून फोटोग्राफी शिकून आली होती. तिच्या वर्गातली मुलं जाहिरातींच्या कामात गेली. ती परत आली. आपल्या माणसांचे चेहरे आपल्याच मुलखात, जसे आहेत तसे टिपायचे, असं तिने ठरवलं होतं. मोठ्या शहरात ते होणार नाही अशी तिची खात्री होती. म्हणून तिने तालुक्याच्या गावातला हा स्टुडिओ निवडला आणि मास्तरांना चार पानी पत्र लिहिलं.

उलट कार्ड आलं. त्यावर दोनच शब्द होते. “ये. बघू.”

ती आली त्याला आठवडा झाला होता. आठवडाभरात तिने स्टुडिओतला रबरी पोपट, भिंगरी आणि भाड्याचे कोट माळ्यावर टाकले होते. “हसा” म्हणायचं तिने बंद केलं होतं. मास्तरांनी कशालाच हरकत घेतली नव्हती. याचा तिला थोडा रागच आला होता.

“ही खाच मी शिवून टाकू?” तिने विचारलं.

“शिव की. सुईदोरा कपाटात आहे.”

“तुम्हाला काहीच वाटत नाही?”

“काय वाटायचं?”

“इतकी वर्षं जे केलं ते चूक होतं, असं कुणी तोंडावर सांगितलं तर…”

मास्तरांनी लेन्स कॅमेऱ्याला बसवली.

“तू शिव,” ते म्हणाले. “पांढरा दोरा घे. पायरी पांढरी आहे.”

*

शुक्रवारी दुपारी मास्तर नमाजाला गेले. केतकीने सुईत दोरा ओवला. तेवढ्यात दारात मोटार थांबली.

आत तिघं आली. पुढे फेटा बांधलेला एक उंच माणूस. मागे दोन बायका, दोघींच्या हातांत नवा हिरवा चुडा. धाकटीच्या कडेवर मूल होतं.

“मास्तर नाहीत?”

“येतील तासाभरात. मी काढते फोटो.”

“काढा, काढा. आज दिवस चांगला आहे, परत जायचं नाही,” तो म्हणाला. “मी तानाजी कोळेकर. ही आमची मालकीण, शालन. ही धाकटी भावजय, सारिका. आज सकाळीच हिनं तिचं बाळ आमच्या ओटीत घातलं बघा. आठ महिन्यांचं आहे. आजपासून आमचं झालं.”

सारिका जमिनीकडे पाहत होती. ती हसल्यासारखी दिसली.

“आम्हाला सोळा वर्षं काही नव्हतं,” शालन म्हणाली. “हिला दोन आहेत आधीची. हिनं स्वतःहून विचारलं. अक्का, पुढचं तुम्हाला देऊ का, म्हणाली. भाजी निवडत होतो.”

केतकीने बाकडं पडद्यापुढे ओढलं. तानाजी आणि शालन बसले. सारिकाने बाळ शालनच्या मांडीवर दिलं.

बाळाने एकदा शालनकडे पाहिलं, एकदा तानाजीकडे पाहिलं आणि भोकाड पसरलं.

“बापाचं तोंड पहिल्यांदा नीट बघितलं, म्हणून रडतोय,” तानाजी म्हणाला.

“मग तुम्ही तिकडं तोंड करा,” शालन म्हणाली.

टाळ्या झाल्या, चुटक्या झाल्या, किल्ल्यांचा जुडगा वाजवून झाला. बाळ निळं पडेपर्यंत रडलं.

“मास्तरांच्या पडद्याला भोक आहे की,” तानाजी म्हणाला. “थोरल्या पुतण्याच्या वेळी असंच केलं होतं. सारिका, जा मागं.”

सारिका कुणी सांगायची वाटच पाहत होती. ती पडद्यामागे गेली. तिसऱ्या पायरीतून तिचा हात आला, नवराबायकोच्या मधून पुढे सरकला आणि बाळाच्या पाठीला लागला.

बाळ गप्प झालं. त्याने मागे वळून पाहिलं नाही. नुसतं गप्प झालं आणि समोर बघू लागलं.

जमिनीवर मास्तरांनी पिवळ्या रंगाची एक खूण केलेली होती. कॅमेरा त्या खुणेवर ठेवला की मागचा हात मांडीवरच्या मुलाआड जात असे. केतकीला ते ठाऊक होतं. पहिल्याच दिवशी मास्तरांनी दाखवलं होतं.

तिने कॅमेरा खुणेवरून उचलला आणि दोन पावलं उजवीकडे नेला.

आता हात दिसू लागला. चार बोटं, पांढऱ्या झबल्यात रुतलेली. नखांच्या कडेला सकाळची हळद. मनगटावर हिरव्या बांगड्या दाटीने बसलेल्या. स्कॉटलंडमध्ये तीन वर्षं केतकी ज्याच्याबद्दल बोलत होती ते हेच होतं, असं तिला वाटलं.

“ताई,” पडद्यामागून आवाज आला. “मी दिसत तर नाही ना?”

केतकीने बोट बटणावर ठेवलं.

“नाही,” ती म्हणाली. “तुम्ही नाही दिसत.”

*

संध्याकाळी मास्तरांनी फोटो पाहिला. हातभर लांबीची प्रिंट होती. ती दोन्ही हातांनी धरून ते दारापाशी गेले आणि उजेडात उभे राहिले.

केतकी वाट पाहत होती. ते रागावतील याची तिने तयारी केली होती. काय उत्तर द्यायचं तेही ठरवलं होतं.

“उजेड चांगला धरलास,” मास्तर म्हणाले.

“आणि बाकी?”

“बाकी तू धरलंयस. मी काय सांगू…”

त्यांनी प्रिंट टेबलावर ठेवली आणि टोपी घालून घरी गेले.

शनिवारी तानाजी येऊन चौकट घेऊन गेला. कागद सोडून पाहायची त्याला सवड नव्हती. खाच तशीच होती. सुई दोऱ्यासकट पडद्याला टोचलेली होती.

*

रविवारी सकाळी सारिका आली. एकटी. एसटीने आली होती. हातात कापडी पिशवी होती आणि पिशवीत चौकट.

मास्तर खुर्चीत बसून पासपोर्टचे फोटो कापत होते. तिने त्यांना वाकून नमस्कार केला आणि चौकट केतकीपुढे धरली.

“ताई, हा हात काढता येईल का?”

केतकीने चौकटीकडे पाहिलं.

“घरी कुणी काही बोललं का?”

“नाही.”

“जाऊबाईंनी पाठवलं?”

“अक्कांना आवडला. राहू दे म्हणाल्या. तुझा हात शोभतोय म्हणाल्या. त्यांनीच भिंतीला लावला. मी न विचारता काढून आणला.”

“मग प्रश्न कुठे आहे? त्यांना चालतंय.”

“मला चालत नाही.”

बाहेर रिक्षा थांबली, गेली.

“घरं समोरासमोर आहेत आमची,” सारिका म्हणाली. “दिवसातून दहा वेळा जाणं होतं. काल गेले. फोटो समोरच लावलाय. बघितला. बाळाकडं लक्षच गेलं नाही माझं. हाताकडं गेलं. परत गेले, परत हाताकडंच. तिथं मी अजून त्याला धरूनच ठेवलंय.”

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

“मला सोडायचंय, ताई. रात्री तो रडला तरी मी उंबरा ओलांडला नाही. एवढं झालंय माझ्यानं. त्या भिंतीपुढं नाही होत.”

केतकी एकदम बोलू लागली.

“हा हात खरा आहे, वहिनी. तुम्ही आठ महिने सांभाळलंत त्याला. उद्या तुमचा कुठे मागमूस राहणार नाही. तो मोठा होईल, फोटो बघेल आणि त्याला वाटेल मागे कुणी नव्हतंच. बायकांना असंच पुसून टाकतात सगळीकडे. मला ते करायचं नव्हतं. मी तुमच्यासाठी…”

“मला कुठं पुसायला सांगतेय?” सारिका म्हणाली. “हात पुसा म्हणतेय.”

“तेच ते.”

“तेच कसं? मी ही इथं उभी आहे की.”

मास्तरांची कात्री क्षणभर थांबली आणि पुन्हा चालू लागली.

“त्याला सांगायचं तेव्हा आम्ही सांगू,” सारिका म्हणाली. “अक्का सांगतील. भिंतीनं आधी सांगायला नको.”

“पण हे खोटं होईल.”

सारिकाने तिच्याकडे सरळ पाहिलं. आवाज चढला नाही.

“मी विचारलं होतं तुम्हाला,” ती म्हणाली. “दिसत नाही ना, म्हणून. तुम्ही नाही म्हणालात.”

केतकीने मास्तरांकडे पाहिलं. ते फोटोंच्या कडा जुळवत होते. चार, चार आणि चार. त्यांनी पाकिटात घातले.

“सारिका,” ते म्हणाले, “बस जरा. गिऱ्हाईक आलंय.”

*

दारात एक आजोबा नातीला घेऊन उभे होते. पहिला वाढदिवस होता. मुलीची आई परीक्षेला बसली होती, बाप दुकानात होता. आजोबांना गुडघ्यामुळे खाली बसता येत नव्हतं.

मास्तरांनी स्टूल पडद्यापुढे ठेवलं. मुलीला त्यावर बसवलं. ती लगेच उजवीकडे कलली.

“केतकी,” मास्तर म्हणाले, “मागं जा.”

“मी?”

“मग कोण?”

ती पडद्यामागे गेली. मागे भिंत जवळ होती. धूळ होती, जुन्या रंगाचा वास होता. तिने गुडघे टेकले, सुई काढून बाजूला टोचली आणि हात खाचेत घातला. चाचपडत असताना तिच्या बोटांना फ्रॉक लागला, मग फ्रॉकच्या आतली पाठ. पाठ गरम होती आणि हलत होती.

पडद्याच्या मागच्या बाजूला नुसतं मळकट कापड होतं. हंस नव्हते, तळं नव्हतं. तिला मुलीचं तोंड दिसत नव्हतं. कॅमेरा दिसत नव्हता.

“घट्ट नको,” मास्तरांचा आवाज आला. “लागेल तेवढंच.”

मुलगी डावीकडे झुकली. केतकीने बोटं सरकवली. मुलगी पुढे वाकली. तिने फ्रॉक मुठीत धरला. मुलगी हसली असावी. हसणं आधी पाठीत कळलं, मग ऐकू आलं.

“झालं का, मास्तर?”

“थांब.”

हाताला रग लागली. मास्तरांना कसलीच घाई नव्हती. ते आजोबांशी पिकाबद्दल बोलत होते. मधेच त्यांनी तोंडाने चिमणीचा आवाज काढला. मुलगी पुन्हा हसली, तिची पाठ पुन्हा हलली.

“झालं का?”

“थांब अजून…”

तिने पुन्हा विचारलं नाही. डोळे मिटले. आता फक्त ती पाठ होती. आत घेतलेला श्वास, सोडलेला श्वास.

“झालं,” मास्तर म्हणाले.

ती बाहेर आली तेव्हा आजोबा मुलीला खांद्यावर घेऊन चालले होते. मुलीने तिच्याकडे पाहिलंही नाही. मास्तरांनी कॅमेरा तिच्याकडे दिला.

पडद्यावर तळं होतं, हंस होते. मधोमध स्टुलावर मुलगी. एकटी, ताठ, सगळे दात दाखवत हसणारी. दात चारच होते.

केतकीने फोटो मोठा करून पाहिला. मग आणखी मोठा केला. मुलीच्या कमरेपाशी, फ्रॉकच्या कडेला, स्टुलाच्या मागे. स्वतःचं काहीच तिला सापडलं नाही.

मास्तर पुढचं पाकीट उघडून बसले होते.

*

ती सारिकाजवळ जाऊन बसली.

“तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले,” ती म्हणाली.

“असू दे,” सारिका म्हणाली. “बांगड्या चांगल्या आल्यात.”

केतकीने संगणक सुरू केला. सारिका खुर्ची ओढून शेजारी बसली. काम सोपं नव्हतं. हात काढला की त्याच्या जागी काहीतरी भरावं लागत होतं. झबल्याची पाठ, शालनच्या साडीचा काठ, तानाजीच्या बाहीची कड. केतकी एकेक बोट काढत गेली. करंगळी आधी गेली. बांगड्या शेवटी.

सारिका पाहत होती. डोळ्यांची उघडझाप सोडली तर ती हलली नाही.

“हिरवी झाक राहिलीय इथे,” केतकी म्हणाली. “बांगड्यांची. झबल्यावर.”

“ती काढा.”

तिने काढली.

“आणि या चुण्या. तुमची बोटं रुतली होती ना, कापड सगळं तिकडे ओढलं गेलंय. याही सरळ करू?”

सारिका पुढे वाकली. झबल्यावर चार बारीक चुण्या होत्या. त्या एका रिकाम्या जागेकडे जात होत्या.

“त्या राहू देत,” ती म्हणाली. “इस्त्री नव्हती म्हणायचं.”

दोघी हसल्या. थोडंच.

नवी प्रिंट चौकटीत बसली. सारिकाने ती हातभर दूर धरून पाहिली. आधी बाळाकडे पाहिलं. मग शालनकडे, मग तानाजीकडे. मग पुन्हा बाळाकडे.

“अक्कांच्या मांडीवर छान दिसतोय,” ती म्हणाली.

जुनी प्रिंट टेबलावर पडली होती. केतकीने ती तिच्यापुढे केली.

“ही ठेवता? तुमच्यापाशी? कुणाला न दाखवता?”

सारिकाने मान हलवली. नाही म्हणून.

“दीडची गाडी आहे,” ती म्हणाली. “चुकली तर चारला.”

ती मास्तरांना सांगून निघाली. पायरी उतरताना तिने पिशवी छातीशी धरली होती. रस्त्यावर गेल्यावर ती खाली सोडली आणि एका हाताने नेऊ लागली.

*

मास्तरांनी कात्री पुसून डब्यात ठेवली.

केतकी संगणकापुढे बसून होती. समोर तोच फोटो होता. तानाजी, शालन, मांडीवर बाळ.

“तिचं बरोबर होतं,” ती म्हणाली. “मला कळतंय ते. मी तिला फसवलं तेही कळतंय. पण मास्तर…”

मास्तर थांबले.

“तरीही मी आज खोटा फोटो दिला. यात एकच खरी गोष्ट होती, ती मी माझ्या हाताने काढून टाकली. मी हे शिकायला नव्हते आले.”

तिने खुर्ची बाजूला सरकवली.

“तुम्हीच बघा. आता इथे हात नाही.”

मास्तर उठले. सदऱ्याच्या खिशातून चष्मा काढून त्यांनी डोळ्यांवर चढवला आणि संगणकाच्या पडद्याजवळ वाकले. इतके जवळ, की त्यांच्या श्वासाने काच धुरकट झाली. ती त्यांनी बाहीने पुसली. पुन्हा पाहिलं. बराच वेळ पाहत राहिले…

“खरंच नाही,” ते म्हणाले. “मग बाळ रडत कसं नाही?”